मार्क ब्रुनेल : नदीखालच्या बोगद्याला अस्तर घालणारा इंजिनिअर

मेट्रोच्या बोगद्यातून जाताना कधी मोबाइलमधून डोकं वर काढून खिडकीबाहेर बघितलंय? काळोखात करड्या रंगाच्या काँक्रीटच्या गोल भिंती मागे पळताना दिसतात. खोदणाऱ्या मशीनचे व्हिडिओ आपण आवडीने बघतो, या भिंतीकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. इंजिनिअर तिला लाइनिंग म्हणतात, म्हणजे बोगद्याचं अस्तर. माती, दगड आणि पाणी यांचा भार बोगदा आहे तोपर्यंत हीच भिंत पेलत असते. मशीन आपलं काम उरकून कधीच निघून गेलेलं असतं.

आता अशा बऱ्याच अस्तरांत सळ्यांची जाळी घालत नाहीत. त्याऐवजी स्टीलच्या तारेचे बारीक तुकडे काँक्रीटमध्येच मिसळतात. हे नेमकं काय आहे, त्याची टेस्ट कशी घेतात, ते पुढे येईलच. त्याआधी दोनशे वर्षं मागे जाऊन एका माणसाला भेटू. कारण हा प्रश्न (म्हणजे दाबाला दणकट पण ताणाला कच्च्या मटेरियलचं अस्तर कसं टिकवायचं) त्याच्यासमोर उभा राहिला तेव्हा काँक्रीटच्या सळ्यांचा शोधही लागला नव्हता. त्याच्याकडे होत्या फक्त विटा, सिमेंट आणि लोखंडी पट्ट्या.

त्याचं नाव मार्क इसंबार्ड ब्रुनेल. गुगलवर नुसतं ब्रुनेल टाकलंत तर आधी त्याचा मुलगा येतो, तो उंच हॅटवाला इसंबार्ड किंगडम ब्रुनेल. मुलगा जास्त फेमस झाला. आजची गोष्ट मात्र बापाची आहे.

फ्रान्समधून पळालेला पोरगा

मार्कचा जन्म २५ एप्रिल १७६९ चा, फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या आकव्हिल गावचा. बाप सधन शेतकरी. धाकट्या मुलाने पाद्री व्हावं ही घरच्यांची इच्छा. पण पोराचा जीव सुतारकाम आणि चित्रकलेत. शेवटी धर्मशाळेतल्या गुरूंनीच ओळखलं की हा काही पाद्री व्हायचा नाही. मग तो नौदलात गेला आणि सहा वर्षं समुद्रावर काढून १७९२ मध्ये परत आला, तर देशात क्रांती पेटलेली. हा राजाच्या बाजूचा, त्यात तोंडाचा फटकळ. पॅरिसमध्ये उघडपणे काहीबाही बोलून बसला आणि जीव वाचवायला पळ काढावा लागला.

रूआँ शहरात ज्या घरी तो लपला, तिथे सोफिया किंगडम नावाची इंग्रज मुलगी राहत होती. दोघांचं जमलं. पण १७९३ च्या जुलैमध्ये मार्क जहाजाने अमेरिकेला निसटला आणि सोफिया मागे राहिली. इंग्लंडशी युद्ध सुरू होतं, त्यामुळे हेर असल्याच्या संशयावरून तिला पकडून कैदेत टाकलं. वर्षभराने रोबेस्पिअरची सत्ता कोसळली तेव्हा कुठे ती सुटली. पुढची पाच वर्षं दोघांच्या मधे अख्खा अटलांटिक महासागर होता. मार्क न्यूयॉर्क शहराचा मुख्य इंजिनिअर झाला, अमेरिकेचा नागरिकही झाला. १७९९ मध्ये तो इंग्लंडला आला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला दोघांनी लग्न केलं.

इंग्लंडला येताना त्याच्या डोक्यात एक मशीन होतं. ब्रिटिश नौदलाला दरवर्षी सुमारे एक लाख लाकडी कप्प्या लागायच्या. कप्पी म्हणजे शिडाचे दोर ज्यावरून फिरतात ती, आपल्या विहिरीवरच्या रहाटाचं चाक असतं तशी. सगळ्या कप्प्या हाताने बनायच्या. ब्रुनेलने त्यासाठी मशीनची एक पूर्ण रांगच डिझाइन केली. हेन्री मॉडस्ले या जबरदस्त कारागिराने ती बनवली आणि पोर्ट्समथच्या गोदीत बसवली. ११० माणसांचं काम १० माणसं करू लागली. कारखान्यातल्या मास प्रॉडक्शनच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांमध्ये हे मोजलं जातं.

एवढं सगळं करूनही हिशेबात हा माणूस कच्चा. सैनिकांचे बूट बनवायचा कारखाना काढला, तर वॉटर्लूची लढाई झाली, युद्ध संपलं आणि बूट पडून राहिले. लाकडाची गिरणी होती, ती १८१४ मध्ये जळाली होती. शेवटी १८२१ मध्ये कर्ज फेडता न आल्याने नवरा-बायको दोघंही कर्जबुडव्यांच्या तुरुंगात. रशियाच्या झारकडे नोकरीसाठी पत्रव्यवहार सुरू केल्याची बातमी फुटली, तेव्हा ब्रिटिश सरकार जागं झालं. ५,००० पौंड भरून त्याला सोडवलं. बाहेर आला तेव्हा वय ५२. आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम अजून सुरूही झालं नव्हतं.

किड्याने दिलेला डबल क्लू

लंडनच्या थेम्स नदीवर पूल बांधायचा तर जहाजांच्या डोलकाठ्या आडव्या येतात. मग नदीखालून जायचं? रिचर्ड ट्रेव्हिथिक या नावाजलेल्या इंजिनिअरने १८०७-०८ मध्ये प्रयत्न केला. हजार फुटांहून जास्त खोदूनही काम पाण्याने आणि वाळूने बंद पाडलं. यानंतर जाणकारांचं मत बनलं की नदीखालच्या मऊ जमिनीतून बोगदा होणं शक्य नाही.

ब्रुनेलची गोष्ट सांगताना सगळे शिपवर्मचा किस्सा सांगतात. चॅथमच्या गोदीत जहाजाच्या लाकडाचा एक पोखरलेला तुकडा त्याने भिंगाखाली बघितला. शिपवर्म नावाला वर्म, असतो मात्र शिंपल्यांच्या कुळातला. डोक्यावरच्या कवचाने तो लाकूड घासत पुढे जातो. त्यावरून ब्रुनेलला टनेलिंग शील्ड सुचली, म्हणजे खोदणाऱ्या मजुरांना सांभाळणारी आणि थोडी थोडी पुढे सरकणारी लोखंडी ढाल. १८१८ मध्ये त्याने पेटंट घेतलं. आजच्या टीबीएम मशीन, म्हणजे मुंबईत मिठी नदीखालून मेट्रो-३ चे बोगदे खणलेल्या मशीनसुद्धा, याच ढालीच्या खानदानातल्या.

पण किस्सा बहुतेक वेळा अर्धाच सांगतात. तो प्राणी एकाच वेळी दोन कामं करतो. पुढे पोखरतो, आणि मागे पोखरलेल्या बिळाला आतून चुन्यासारखा कडक थर देत जातो. ओलं लाकूड फुगून बीळ दाबू नये म्हणून. म्हणजे किडा स्वतःचं लाइनिंग स्वतःच करतो. ब्रुनेलने हे दोन्ही उचललं, आणि माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अवघड होती.

ताज्या विटांवर रेटा

काम सुरू झालं मार्च १८२५ मध्ये, थेम्सच्या दक्षिण काठावर, रोदरहाइथला. पहिलीच आयडिया भन्नाट. विहीर खणून मग बांधण्याऐवजी त्याने जमिनीवरच ५० फूट व्यासाचा आणि ४२ फूट उंचीचा विटांचा बुरूज बांधला. तळाला लोखंडी कडं, भिंतीत लोखंडाच्या सळ्या. मग आतली माती काढत गेले तसतसा तो बुरूज स्वतःच्याच वजनाने जमिनीत उतरत गेला. आपल्याकडे पुलाच्या पायासाठी विहिरी उतरवतात ना, तोच प्रकार.

नंतर आडवा बोगदा. ढालीत शेजारी शेजारी १२ चौकटी, प्रत्येकीत तीन मजले. एका वेळी ३६ माणसं, प्रत्येक जण आपापल्या खणात. समोरच्या मातीला फळ्यांनी टेकू दिलेला. एक फळी काढायची, साडेचार इंच माती खणायची, फळी पुन्हा लावून घट्ट करायची, मग पुढची फळी. सगळ्या फळ्या झाल्या की चौकट पुढे ढकलायची.

ढकलायची कशाला टेकून? मागे नुकत्याच बांधलेल्या विटांना! मोठे स्क्रू जॅक त्या ताज्या बांधकामावर टेकवून चौकट पुढे रेटत.

इथे जरा थांबा. ताजं बांधकाम, वरून नदी, बाजूने ओली माती आणि त्यात पुढून जॅकचा रेटा. साधा चुना महिनोन्‌महिने कडक होत राहतो, त्यामुळे इथे त्याचा उपयोग नव्हता. ब्रुनेलने हट्टाने रोमन सिमेंट वापरलं. नाव रोमन असलं तरी ते इंग्लंडमधलं, जेम्स पार्करने १७९६ मध्ये पेटंट घेतलेलं. मिसळलं की काही मिनिटांत घट्ट होतं आणि पाण्यातही पकडतं. महाग होतं, पण दुसरा इलाजही नव्हता.

आजच्या मेट्रोतही अगदी हाच प्रसंग असतो. टीबीएम पुढे जाते ती मागे नुकत्याच बसवलेल्या काँक्रीटच्या सेगमेंटवर हायड्रॉलिक जॅक टेकवून. तुम्हाला वाटेल की अस्तराची खरी परीक्षा वरच्या मातीच्या भाराने होते. पण मशीन पुढे सरकत असताना जॅकचा हा रेटाच कित्येकदा डिझाइनमधला सगळ्यात कठीण क्षण ठरतो. जॅकच्या बुटाखाली काँक्रीट दाबलं जातं आणि त्याच्या आतल्या बाजूला आडवा ताण तयार होतो. तिथे ते उभं फाटू शकतं, कडा आणि कोपरे टवके उडून निघू शकतात. सळ्यांची जाळी कोपऱ्याच्या अगदी टोकापर्यंत नेता येत नाही, गंज लागू नये म्हणून बाहेर काही सेंटिमीटर काँक्रीट ठेवावंच लागतं. नेमका तोच भाग उघडा पडतो. बारीक तारा मात्र कोपऱ्यातही असतात. स्टील फायबरचा मोठा फायदा इथे आहे.

पाणी आत आलं

खाली हवा कोंदट, नदीत सगळ्या शहराचं सांडपाणी, वायू इतके की मजुरांना चक्कर यायची, काहींची नजर जायची. कंपनीच्या संचालकांना घाई आणि काटकसर दोन्ही हवं होतं. पाणी काढायला बोगद्याखाली वेगळी नाली ठेवायची ब्रुनेलची योजना होती, ती खर्चासाठी कापली. मजुरांना कामाच्या मापाने पैसे देऊ लागले, म्हणजे वेग वाढला आणि सावधपणा कमी झाला. शिवाय शिलिंग घेऊन लोकांना खाली काम बघायला सोडत. काही ठिकाणी नदीचा तळ आणि बोगद्याचं डोकं यात पंधरा फुटांहूनही कमी माती होती.

१८ मे १८२७ ला नदी आत शिरली. त्या वेळी सगळे वाचले. डायव्हिंग बेलमधून नदीच्या तळाशी उतरून खड्डा बघितला, मातीने भरलेल्या पोत्यांनी बुजवला. आत होडी घालून पाहणी केली, तर पुढची माती ढासळली होती, पण विटांचं अस्तर शाबूत होतं. नोव्हेंबरमध्ये धीर द्यायला बोगद्यात मोठी मेजवानी झाली. दोनच महिन्यांनी, १२ जानेवारी १८२८ ला, नदी पुन्हा घुसली. सहा माणसं गेली. मार्कचा मुलगा इसंबार्ड, वय २१, जबर जखमी झाला, लाटेने वर फेकला गेला म्हणून वाचला. मरण पावलेल्या सहा जणांची आठवण या गोष्टीत सहसा कुणी काढत नाही. बापलेकांच्या हिमतीपुढे ती मागे पडते.

पैसे संपले. ऑगस्ट १८२८ मध्ये बोगद्याचं तोंड विटांनी बंद केलं. पुढची सात वर्षं काम ठप्प होतं आणि ब्रुनेलची सगळीकडे टिंगल चालली होती.

रिकाम्या हातांनी केलेल्या टेस्ट

या मधल्या काळात केलेलं त्याचं एक काम फारसं कुणाला माहीत नसतं. रोदरहाइथच्या आवारात त्याने विटांची एक कमान बांधायला घेतली, तीही खालून आधार न देता. मधे एक खांब आणि त्यातून दोन्ही बाजूंना हवेत पुढे जाणारे विटांचे हात, एक हात तर सुमारे ६० फूट लांब. नुसत्या विटा अशा टांगून राहूच शकत नाहीत. कारण वरची बाजू ताणली जाते, आणि वीट-सिमेंट ताणाला एकदम कच्चं. म्हणून त्याने विटांच्या थरांमध्ये पातळ लोखंडी पट्ट्या आणि लाकडाच्या पट्ट्या घातल्या. पिंपाला बांधतात तसल्या साध्या पट्ट्या. आणि ते हात काही वर्षं हवेत उभे राहिले.

चॅथमला चार्ल्स पास्ली हा लष्करी इंजिनिअर होता. १८३७ च्या सुमारास त्याने हाच विचार नीट तपासला. तीन सारख्या विटांच्या तुळया घेतल्या. एक नुसत्या सिमेंटची. दुसरी सिमेंट आणि लोखंडी पट्ट्यांची. तिसरीत पट्ट्या तेवढ्याच, पण सिमेंटऐवजी चुना. दुसरीने पहिलीच्या जवळपास नऊपट भार घेतला. तिसरी मात्र दुसरीच्या आसपासही पोचली नाही. लोखंड तेच होतं, पण चुन्याने ते धरून ठेवलं नाही. नुसतं लोखंड घालून भागत नाही, आजूबाजूच्या मसाल्याने ते घट्ट पकडायलाही हवं.

आजच्या स्टील फायबरचं सगळं शास्त्र या पकडीवरच उभं आहे. साधारण ६ सेंटिमीटर लांब आणि पाऊण मिलिमीटर जाड तार, दोन्ही टोकांना वाकवलेली. एक घनमीटर काँक्रीटमध्ये अशा तारा साधारण ३० ते ४५ किलो टाकतात. फायबर घातल्याने काँक्रीटला तडा जायचा थांबत नाही, ही गोष्ट बरेच जण चुकीची समजतात. तडा जवळपास तेवढ्याच भाराला जातो. फरक पडतो तडा गेल्यानंतर. साधं काँक्रीट फटकन दोन तुकडे होतं. फायबरवालं फट ओलांडून गेलेल्या शेकडो तारांनी धरलेलं राहतं. त्या तारा तुटायला नकोत, त्या हळूहळू, घासत, टोकाचा आकडा सरळ होत होत बाहेर सरकायला हव्यात. त्यात ताकद खर्च होते. तार तुटली तर डिझाइन फसलं समजा. म्हणून खूप मजबूत काँक्रीटला तारही तेवढीच मजबूत घ्यावी लागते, नाहीतर काँक्रीट तिला इतकं घट्ट पकडतं की ती सरकण्याऐवजी तुटते.

याची युरोपातली ठरलेली टेस्ट अशी. १५ सेंटिमीटर बाय १५ सेंटिमीटर जाडीची काँक्रीटची तुळई घ्यायची, खालून मधोमध २५ मिलिमीटर खोल खाच पाडायची, म्हणजे तडा कुठे जाणार हे आधीच ठरलं. ५० सेंटिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून वरून मधे दाब द्यायचा, आणि खाचेचं तोंड किती उघडतंय ते मोजत राहायचं. तोंड अर्धा मिलिमीटर उघडलं तेव्हा तुळई किती भार धरून आहे, आणि अडीच मिलिमीटर उघडलं तेव्हा किती, हे दोन आकडे डिझाइनला महत्त्वाचे. पहिला रोजच्या वापरातल्या बारीक तड्यांसाठी, दुसरा शेवटच्या वाईट अवस्थेसाठी. एका तुळईवर विश्वास ठेवत नाहीत. तारा कुठे दाट पडतात, कुठे विरळ, गोळे झाले तर आणखी गोंधळ, म्हणून आकडे बरेच वर-खाली होतात. बऱ्याच तुळया फोडाव्या लागतात आणि मोठ्या कामात अख्खे सेगमेंट जॅकखाली घालूनही बघतात.

ब्रुनेलकडे यातलं काहीच नव्हतं. त्याची टेस्ट म्हणजे ते दोन हात हवेत राहतात की कोसळतात, एवढीच.

शेवटचे फूट

सरकारने कर्ज मंजूर केलं, नवी १४० टनांची ढाल आली आणि १८३६ मध्ये काम परत सुरू झालं. १८३७ आणि १८३८ मध्ये आणखी तीनदा पाणी आत आलं. पण आता ब्रुनेल घाई करत नव्हता. मार्च १८४१ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, वर्षाच्या शेवटी बोगदा पलीकडच्या वॉपिंगच्या विहिरीला भिडला. १८४२ मध्ये त्याला अर्धांगवायूचा झटका आला. तरी २५ मार्च १८४३ ला उद्घाटनाला तो हजर होता. १,३०० फूट, म्हणजे सुमारे ३९६ मीटर बोगद्याला १८ वर्षं लागली. पहिल्याच दिवशी जवळपास ५०,००० माणसं एक एक पेनी देऊन चालून गेली.

पैशाच्या दृष्टीने मात्र तो आतबट्ट्याचाच. घोडागाड्या उतरवायला जे गोल रस्ते हवे होते, ते पैशाअभावी कधी बांधलेच नाहीत. आत दुकानं लागली, जत्रा भरली, नंतर भुरट्या लोकांचा अड्डा झाला. १२ डिसेंबर १८४९ ला ब्रुनेल वारला, तेव्हा बोगद्याचं काय करायचं हे कुणालाच ठरवता आलं नव्हतं. १८६५ मध्ये एका रेल्वे कंपनीने तो २ लाख पौंडांना घेतला आणि १८६९ पासून त्यातून गाड्या धावू लागल्या. माणसं आणि घोडागाड्यांसाठी बांधलेलं ते विटांचं अस्तर वाफेच्या इंजिनांनाही पुरलं.

१९९५ मध्ये गळती थांबवायला आतून काँक्रीटचा थर मारायचं ठरलं. त्यावरून वाद पेटला, बोगद्याला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला आणि शेवटी एका टोकाचा छोटा भाग जुन्या विटांचाच ठेवून बाकीच्याला नवं अस्तर दिलं. आज त्यातून लंडन ओव्हरग्राउंडच्या गाड्या जातात. वॉपिंग स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला उभं राहिलं की त्या दोन कमानींची तोंडं समोर दिसतात.

ब्रुनेलने किडा बघितला ते चॅथम आणि पास्लीने तुळया मोडल्या तेही चॅथमच. लंडनच्या एलिझाबेथ लाइनच्या पूर्वेकडच्या बोगद्यांसाठी स्टील फायबरचे सेगमेंट ओतायचा कारखाना उभा राहिला तोही चॅथमच्याच गोदीत, आणि तिथून ते बार्जवर चढवून थेम्समधून लंडनला नेले.